विझलेले आणि निवलेले

एकदा एका खाडीच्या मुखाशी वसलेल्या बंदरात एक वृद्ध लोहार राहत असे. विळे, कोयते, नांगराचे फाळ ही कामे त्या गावात इतरही करत. परंतु गलबतातला माल उचलून धक्क्यावर ठेवणाऱ्या यारीची साखळी मात्र याच वृद्धाच्या भट्टीतून यावी, असा बंदराचा शिरस्ता होता. कारण अगदी साधे होते. साखळीला ओझे टांगलेले असते आणि ओझ्याखाली माणसे वावरत असतात. ज्याने ही गोष्ट मनावर घेतली त्याचे काम आणि ज्याने घेतली नाही त्याचे काम, दोन्ही दिसायला सारखीच असतात. फरक एखाद्याच दिवशी कळतो. तो दिवस आपल्या साखळीवर येऊ नये म्हणून या वृद्धाने सारा जन्म खर्ची घातला होता. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांचा एक शिष्य होता. शिष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिसरूड न फुटलेला पोरगा येतो. हा तसा नव्हता. चांगला तिशी गाठलेला, बायको-मुलगी असलेला, हातात घण धरला की शेजारच्या आळीपर्यंत ताल ऐकू जावा असा गडी होता. त्याची बायको गोदा त्याच भट्टीवर भाता ओढत असे. तिच्या हाताला एक जाण होती. निखारा उगीच भडकायचा नाही आणि मंदही व्हायचा नाही. भाता ओढता ओढता ती अखंड बोलत राही, आणि हा घणाच्या दोन घावांमध्ये नुसते हूं हूं करी. आबा म्हणत, या दोघांचे संभाषण लोखंडाला पाठ झाले असेल.

पावसाळा सरता सरता गोदा तापाने गेली. तिचे तेरावे आटोपले आणि दुसऱ्या सकाळी शिष्य भट्टीवर हजर झाला. चार वर्षांच्या लेकीला त्याने खाडीपलीकडे आजोळी पाठवले होते. त्याने भट्टी पेटवली, स्वतःच भाता ओढला, लोखंड लाल झाल्यावर धावत ऐरणीपाशी गेला, घाव घातले आणि पुन्हा धावत भात्याकडे आला. आबांची म्हातारी मदतीला उठली, तेव्हा त्याने नम्रपणे पण ठामपणे तिला बसायला सांगितले. भात्याच्या दोरीला तो कुणालाच हात लावू देईना.

गावाने हे पाहिले आणि गावाला फार बरे वाटले. काय पाणीदार माणूस, लोक म्हणू लागले. एवढे आभाळ कोसळले, पण गड्याच्या डोळ्यांतून टिपूस नाही. न रडणाऱ्या माणसाचे आपल्याकडे मोठे कौतुक असते. खरे पाहता, त्याने रडून आपल्याला अवघडून टाकले नाही याबद्दलचे ते आभार असतात. पण आभार म्हणायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून आपण कौतुक म्हणतो. शिष्यालाही ते कौतुक आवडू लागले असावे. निदान त्यामागे लपून उभे राहायला जागा तरी होती.

खाडी ओलांडायला होडीने फार वेळ लागत नसे. तरीही तो लेकीला भेटायला एकदाही गेला नाही. होडीवाल्याबरोबर तो कधी चुरमुऱ्याचे लाडू धाडी, कधी परकराचे कापड. होडीवाला परतल्यावर सांगे, पोर मजेत आहे, मोठी शहाणी आहे, कुणाला त्रास म्हणून देत नाही. हे ऐकून शिष्याला हायसे वाटे आणि तो पुन्हा घण उचली. आबांनी दोन-तीनदा विचारले, बरा आहेस ना. तो म्हणे, बरा आहे आबा. आणि आबा त्यावर विश्वास ठेवत, कारण विश्वास ठेवणे सोपे होते.

अशातच बंदरावरचा एक मोठा व्यापारी आबांकडे आला. त्याच्या यारीची साखळी आबांनीच काही दिवसांपूर्वी कामावरून काढून घेतली होती. मऊ लोखंडाची ती साखळी ओझी उचलून उचलून लांबली होती. गोल कड्या लंबोळ्या झाल्या होत्या. व्यापारी मनाने वाईट नव्हता, पण घाईचा माणूस होता. त्याने कुरकुर केली की आबांच्या साखळ्या थोड्या दिवसांत लांबतात आणि मग यारी रिकामी उभी राहते. या खेपेस त्याने स्वतःच पोलादाच्या कांबी आणल्या होत्या. त्याला अशी साखळी हवी होती जी केसभरसुद्धा लांबणार नाही.

आबांनी कांबी निरखून पाहिल्या. पोलाद चांगले होते. शिष्य म्हणाला की हे काम मी करतो. आबांनी ते त्याच्यावर सोपवले आणि एवढेच बजावले की सगळ्या कड्या जोडून झाल्या की साखळी एकदा पुरती लाल करून राखेत पुरायची, आणि तिथे ती आपली आपण निवेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आता लोहाराच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तापलेले पोलाद थंड करण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे ते पाण्यात बुडवून विझवायचे. चर्र असा आवाज होतो, वाफ उठते, आणि क्षणात पोलाद कठीण होते. याला पाणी पाजणे म्हणतात. कोयत्याची धार टिकते ती या पाण्यामुळे. दुसरी रीत म्हणजे राखेत पुरून सावकाश निवू द्यायचे. याला वेळ लागतो, आवाज होत नाही, आणि करणाऱ्याला हात बांधून बसावे लागते.

शिष्याने साखळी उत्तम जोडली. एकेक कडी पाहून घ्यावी अशी झाली होती. मग तिला लाल करून तो राखेच्या खड्ड्यापाशी आला आणि थबकला. आबा त्या वेळी धक्क्यावर गेले होते. शिष्याच्या मनात आले, शेटजींना साखळी लांबायला नको आहे, आणि पाण्याने पोलाद कठीण होते हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग राखेत कशाला घालायची. हे झाले त्याने स्वतःला दिलेले कारण. खरे कारण त्याच्या हातांना माहीत होते. राख घातली की बसून राहावे लागणार, आणि रिकाम्या हातांनी बसणे तो गोदा गेल्यापासून टाळत आला होता. त्याने सांडशीने साखळी उचलली आणि पाण्याच्या कुंडात सोडली. चर्र झाले, वाफ अंगावर आली, आणि काम संपले. त्याला पुष्कळ बरे वाटले.

धक्क्यालगतच्या आवारात साखळीची परीक्षा झाली. आबांची परीक्षा ठरलेली असे. साखळी टांगायची, लाकडी पट्टीवर तिच्या लांबीची खूण करायची, मग दगड रचलेली फळी तिला लावायची, आणि पुन्हा उतरवायची. ओझ्याने साखळी किंचित लांबते. ओझे उतरल्यावर ती मूळ खुणेवर परत यायला हवी. शास्त्रकार या गुणाला स्थितिस्थापकता असे भारदस्त नाव देतात; आबा त्याला मापावर येणे म्हणत. इतर लोक ओझे चढताना डोळे ताणून बघत. आबा मात्र ओझे उतरल्यावर पट्टीपाशी जात, कारण त्यांच्या मते साखळीची खरी हकीकत तिथे कळत असे.

फळी चढली, दगड वाढत गेले, साखळी हूं की चूं न करता उभी राहिली. ओझे उतरले तेव्हा ती बरोबर मापावर आली. व्यापारी खूश झाला. हमालही म्हणाले, कारागीर जसा, तशी साखळी. शिष्याने मान खाली घातली, पण ते शब्द त्याने ऐकून घेतले.

आबा पट्टीवरून हात फिरवत उभे होते. मग त्यांनी कमरेची कानस काढली आणि एका कडीवर घासली. कानशीने मऊ पोलादाचा थोडा कीस काढायला हवा होता. ती नुसतीच घसरली. आबांनी दुसऱ्या कडीवर घासून पाहिली. तिथेही ती घसरली. त्यांनी एकदा शिष्याकडे पाहिले.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी फळीवरचे निम्मे दगड काढायला लावले. व्यापारी हसला, पूर्ण ओझे पेललेल्या साखळीला आता निम्मे ओझे कशाला? आबांनी सगळ्या माणसांना आवाराच्या भिंतीपर्यंत मागे जायला सांगितले आणि सगळे गेल्याशिवाय हलायला नकार दिला. नंतर त्यांनी ती निम्म्या ओझ्याची फळी लांब तरफेने हातभर उचलून घेतली आणि एकदम सोडून दिली.

साखळीला हिसका बसला. टण्ण असा एकच आवाज झाला आणि दगड जमिनीवर आले. साखळी लांबली नव्हती, वाकली नव्हती, करकरली नव्हती. ती तुटली होती. जिथे दगड पडले तिथे थोड्या वेळापूर्वी हमाल उभे राहून वाहवा करत होते. शिष्य पुढे झाला आणि तुटलेली कडी त्याने उचलली. आतून ती खडीसाखरेसारखी चकचकीत, दाणेदार दिसत होती.

व्यापाऱ्याला राग आला आणि तो थोडाफार रास्तही होता. चांगली साखळी मुद्दाम हिसका देऊन तोडली, असे तो म्हणाला. आबांनी त्याला शांतपणे सांगितले की गलबत डुलते, गाठोडे सरकते, आणि यारीला असा हिसका रोज कधी ना कधी बसतोच. मग त्यांनी कामावरून काढलेली ती जुनी साखळी आणवली आणि तिला तोच हिसका दिला. ती मोठ्याने करकरली, आणखी थोडी लांबली, आणि दगड धरून राहिली. व्यापारी बराच वेळ त्या लांबलेल्या कड्यांकडे पाहत होता. नव्या साखळीसाठी थांबायला तो तयार झाला आणि निरोप घेऊन गेला.

गुरू-शिष्य तुटकी साखळी घेऊन भट्टीवर परतले. वाटेत शिष्य म्हणाला, "मी तिला पाणी पाजलं, आबा."

"कानशीनं सांगितलं मला," आबा म्हणाले.

तुटलेल्या कडीच्या जागी नवी कडी जोडली गेली. साखळी पुन्हा लाल झाली. या वेळी शिष्याने तिला राखेच्या खड्ड्यात ठेवले आणि वरून चाळलेली राख पसरली. आवाज काहीच झाला नाही. आबा खड्ड्याशेजारी बसले आणि त्यांनी शिष्यालाही बसवले. त्याचे हात गुडघ्यांवर रिकामे पडले होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

थोड्या वेळाने आबा बोलू लागले.

"पाणी पाजणं वाईट नाही, बाळ. कोयत्याला पाजावंच लागतं, त्याला धार धरायची असते. साखळीला माणसांच्या डोक्यावर ओझं धरायचं असतं. रोजच्या ओझ्याला दोन्ही पोलादं सारखीच. दोन्ही केसभर लांबतात आणि दोन्ही मापावर येतात. म्हणून तर आज पट्टीवर तुझी साखळी खरी उतरली. फरक पडतो तो झेपेल त्याच्या पलीकडचं काही आलं की. निवलेलं पोलाद तेव्हा लांबतं. मग ते पहिल्या मापावर परत येत नाही, हे खरं आहे. पण लांबता लांबता ते करकरतं, मला आता झेपत नाही म्हणून सांगतं. खालचा माणूस वर बघतो आणि धावून बाजूला होतो, नाहीतर ओझं तरी उतरवतो. विझवलेलं पोलाद काहीच सांगत नाही. शेवटपर्यंत ताठ उभं राहतं, आणि मग एकदम नसतं."

राखेतून किंचित ऊब येत होती.

"आणि हाताला दोन्ही थंडच लागतात, बाळ. विझलेलं पण थंड, निवलेलं पण थंड. इतके दिवस मी तुला हात लावून बघत होतो आणि म्हणत होतो, निवला गडी. मी फसलो. तुझ्यावर कानस घासायला पाहिजे होती, ती मी घासली नाही."

शिष्य राखेकडे पाहत राहिला. त्याचा खालचा ओठ थरथरला, त्याने तो दातांखाली धरला, आणि मग सोडून दिला.

"गोदा गेली, आबा," तो म्हणाला.

हे सगळ्या गावाला कधीपासून ठाऊक होते. त्याने स्वतःच्या तोंडून ते आज पहिल्यांदा ऐकले. मग जे इतके दिवस आत ताठ उभे होते ते करकरले. तो ओक्साबोक्शी रडला असे म्हणता येणार नाही. त्याला रडण्याची सवय राहिली नव्हती. तुटक तुटक, अडखळत, मध्येच थांबून तो रडला आणि बोलला. भात्याच्या दोरीला तिच्या हाताने जिथे झिजवले होते तिथे दुसऱ्या कुणाचा हात पडू नये, एवढ्यासाठी तो धावत होता. तिचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून तो घण जोराने घालत होता. आबांनी मध्ये काही सांगितले नाही. म्हातारी आतून येऊन दाराशी उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत परत गेली.

बऱ्याच वेळाने आबांनी विचारले की लेकीकडे का जात नाहीस. शिष्य म्हणाला, "तिच्यापुढे गेलो तर मी तुटेन, आबा. ती घाबरेल."

"तुटणार नाहीस. लांबशील," आबा म्हणाले. "राखेला तुझी गरज नाही. होडी अजून गेली नसेल, ऊठ."

खाडीपलीकडे सासूच्या अंगणात लेक एकटी शिंपले मांडत बसली होती. मोठे एका ओळीत, लहान दुसऱ्या ओळीत. बापाला पाहून ती धावली नाही. तिने त्याच्यासाठी ओट्यावरची जागा हाताने झाडून दिली. सासूने पाणी आणले. जावई इतक्या दिवसांत फिरकला नाही याचे दुःख तिच्या चेहऱ्यावर होते, पण ती चांगल्या मनाची बाई होती. त्याला बरे वाटेल असेच काही बोलावे म्हणून तिने नातीचे कौतुक आरंभले. पोर फार शहाणी. सांगेल ते ऐकते. आईचे नाव काढत नाही, रात्री उठत नाही, एकदासुद्धा रडली नाही.

"बापावर गेलीय," ती म्हणाली. "मोठी पाणीदार आहे."

शिष्याच्या हातातले पाण्याचे भांडे तसेच राहिले. होडीवाल्याच्या ज्या निरोपाने त्याला दर खेपेस हायसे वाटे, तो निरोप त्याला आता कळला. चार वर्षांचे मूल. तिने बापाकडे पाहिले होते आणि बापासारखेच केले होते.

तो ओट्यावरून उतरून अंगणात बसला आणि लेकीला त्याने मांडीवर ओढले. ती ताठ बसली. त्याने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि या वेळी ओठ दातांखाली धरला नाही.

"मला तुझ्या आईची फार आठवण येते गं," तो म्हणाला, आणि लेकीच्या देखत रडू लागला.

लेकीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मोठे माणूस असे करू शकते हे तिला माहीत नव्हते. तिने हातातला शिंपला खाली ठेवला, बोटाने त्याच्या गालावरचे पाणी चाचपून पाहिले, आणि मग तिचा चेहरा हळूहळू मोडला. आधी आवाज आला नाही. नंतर आला, आणि तो सगळ्या वाडीने ऐकला. "आई," ती म्हणत होती, "आई पाहिजे." तो तिला उगी म्हणाला नाही. आजी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि तीही रडली. त्या घरात पहिल्यांदा सगळे एकत्र रडले, आणि कुणी तुटले नाही.

काही दिवस तो तिथेच राहिला. परतला तेव्हा लेक बरोबर होती. होडीत ती इतकी बडबडत होती आणि इतके हट्ट करत होती की होडीवाला म्हणाला, पोर बिघडली. शिष्य हसला.

भट्टीवर आबांनी राख बाजूला सारली. साखळी थंड होती, जशी ती पाण्यातून काढल्यावरही थंड होती. आबांनी कानस शिष्याच्या हातात दिली. त्याने ती कडीवर घासली, आणि कानशीखालून बारीक कीस निघाला. व्यापाऱ्याला निरोप गेला की साखळी घेऊन जा. झेपणार नाही त्या दिवशी ती लांबेल, आणि लांबली की तिला शिव्या न देता आमच्याकडे आणा.

मग शिष्याने भट्टी पेटवली. भात्यापाशी जाऊन त्याने दोरी हातात घेतली, झिजलेल्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला, आणि ती आबांच्या म्हातारीपुढे धरली. ती भाता ओढू लागली. तिच्या हाताला गोदासारखी जाण नव्हती. निखारा भडकत होता, मंदावत होता. तो ऐरणीपाशी उभा राहून लोखंड लाल व्हायची वाट पाहत राहिला. आज तो धावला नाही.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारले, "निवलास का रे?"

शिष्याने जरा विचार केला.

"निवतोय, आबा," तो म्हणाला.

आपल्या ओळखीतल्या ज्या माणसाचे आपण शांत म्हणून कौतुक करतो, त्याला कुणीतरी एकदा हे विचारायला हवे.